टपाची काच अन् डिझेलचं फडकं

माहं गाव पिशोर, कन्नड तालुक्यातलं. आम्ही सुतार, बाप बैलगाड्या करायचा, दारं-खिडक्या करायचा, अन् मी त्याच्या हाताखाली खाचा पाडायला शिकलो, खाच अशी पाहिजे की फळी सरकली पाहिजे पण खुळखुळली नाय पाहिजे, हे बापाचं बोलणं अजून कानात हाय. मंग लागोपाठ सालं कोरडी गेली, लोकांनी बैलं विकली, बैलंच नाय तर गाडी कोणाला लागती, म्हणून आलो औरंगाबादला, एका गॅरेजात लागलो, पाने पुसता पुसता मोटारी शिकलो. शहर तवा नुसतं फुगत चाललेलं, काल ज्वारी व्हती तिथं आज फ्लॅट, फ्लॅटाखाली मोटारी, कामाला काय तोटा नव्हता.

तर उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाई, डोळ्याच्या डॉक्टर, त्यांचं सांगतो. जन्मभर बाईंनी स्कूटर चालवली, अन् दवाखाना बंद केल्यावर स्वतःसाठी लाल मोटार घेतली, जुनीच, बाहेरच्या देशातली, दोनच माणसं बसतात अशी पळायची गाडी, अन् टपावर सरकती काच, सनरूफ म्हणतात बगा. नातेवाईक हसले. बाई म्हणाल्या, आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बघितलं, आता मला आभाळ बघायचंय. माह्यावर बाईंचा लई विश्वास. उस्मानपुऱ्यात माहं नाव त्यांनीच केलं, त्यांच्या शब्दावर लोकं डोळे झाकून गाडी माह्या हवाली करायचे.

एका उन्हाळ्यात ती काच अर्ध्यावरच अडकली. पुढं नाय, मागं नाय. मोठ्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले, म्हणले अशी काच आता कुठंच भेटत नाय, फुटली तर टप कायमचा बोडका. बाईंचा मला फोन. रस्त्यानं न्यायची सोय नव्हती, हादऱ्यानंच तडकली असती, म्हणून बाईंच्या पोर्चमधीच काम मांडलं. बायकोला म्हणलं, चल सुशीला, काच दोघांनी सारखी उचलावी लागती, अन् तुझा हात शेवया करून करून हलका झालेला हाय.

काय सांगू तुम्हाला, एकेक स्क्रू हळूहळू ढिला केला. त्या काचेला दोन केबली असतात, डावी अन् उजवी, जुवाला जुंपलेल्या बैलावानी, एक जरा पुढं गेली की काच तिरकी होती अन् गेली कामातून. सुशीला तिकडून, मी इकडून, बाई समोर उभ्या. उचलली. गोधडीवर ठेवली. अन् तेवढ्यात वावटळ सुटली, फाटक धाडकन आपटलं, लिंबाच्या वाळक्या फांद्या पोर्चात येऊन पडायला लागल्या, तर सुशीला सरळ त्या काचेवर ओणवी झाली, पाठीवर सगळं घेतलं, काचेला काय लागू दिलं नाय.

वारं बसलं. पदर झटकता झटकता ती काचेच्या कडेला नाक नेऊन म्हणाली, आवं, ह्या रबराला तर डिझेलचा वास येतोय.

मला लगेच कळलं, ते डिझेल माहंच. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, टँकर आला की लोकं हंडे घेऊन पळतेत, अशात मोटार कोण धुणार, म्हणून मीच सांगितलं व्हतं, बाई, पाणी नका घालू, डिझेलचं फडकं मारा, धूळ बी जाती अन् चमक बी येती. आम्ही सगळे गॅरेजवाले तवा तेच करायचो. बाईंनी ते रोज सकाळी इमानेइतबारे मारलं, पार खाचेत बोट घालून. रबर डिझेल पिऊन फुगलं, वर धूळ बसली, काच सरकती त्या रुळात चिकट काला झाला. खाचा पाडणाऱ्या सुताराच्या पोराला एवढं कळू नये!

बाई म्हणाल्या, काय झालं दत्ता? जिभेवर आलंच व्हतं माह्या, की बाई, गाडी जुनी, रबर जुनं, चालायचंच. बाईंना काय कळणार व्हतं. पण सुशीला माह्याकडं बगत व्हती, डोळे वटारून नाय, नुसती बगत व्हती. मंग बोललो. बाई, चूक माही हाय, ते फडकं मी सांगितलं व्हतं. बाई तशाच आत निघून गेल्या. मी म्हणलं संपलं, सुशीला, पाने आवर. तर बाई आल्या, हातात दोन जुने दातांचे ब्रश. म्हणाल्या, एक तुझा, एक माझा, रूळ साफ करायचेत ना? अन् ब्रश घासता घासता खाली मान घालून म्हणाल्या, चुकीचं औषध दिलं गेलं तर मलाही पेशंटला सांगावं लागायचं रे.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्याच्या बोळातली दुकानं पालथी घातली, मापाची रबरी पट्टी आणली, बसवली, केबली जोडीनं ओढल्या. काच सरकली, मिटली. पण गळती का नाय हे पाणी ओतल्याशिवाय कळत नाय, अन् बाईंच्या घरात उरलेली एक बादली. बाई म्हणाल्या, ओत. माहा हात होईना. तवा सुशीलानं डोकं चालवलं. टपाच्या कोपऱ्यातून बारीक नळ्या असतात, पाणी खाली चाकांपाशी पडतं, तर तिनं चारी चाकांपाशी पराती लावल्या, म्हणाली, ओतलं तेवढं परातीत आलं तर आत काय गेलं नाय. बाई आत जाऊन बसल्या, वर बगत. सुशीला तांब्यानं कडेकडेनं ओतत गेली, मी परातीतलं बादलीत भरत गेलो. बादली चार बोटं कमी भरली, तेवढं टपावरनं बाहेर सांडलेलं. बाई बाहेर आल्या, केसावर एक थेंब नाय. ते पाणी मंग लिंबाला घातलं.

आता माहे बी गुडघे बोलतेत. बाईंना कमी दिसतं, डोळ्याच्या डॉक्टरच्या नशिबी हे, मला वाईट वाटतं लई. गाडी पोर्चमधीच असती. पण दर उन्हाळ्याला फोन येतो, दत्ता, काच बघून जा, अन् सुशीलाला घेऊन ये, हात तुझा चालेल, नाक तिचंच लागतं. जातो आम्ही. सुशीला तांब्यानं ओतती, बाई आत बसून तोंड वर करतेत, काय दिसतं विचारलं तर म्हणतेत, काही नाही रे, आवाज छान येतो. त्यांचं डोकं असंच कोरडं राहू दे म्हणतो मी, माहा हात चालतोय तोवर.