बेपत्ता पती मिळून आल्याबाबत

तक्रारदार पत्नी, वय ५४, व्यवसाय शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, माझे पती रंगारी होते. परांचीवरून पडल्यापासून त्यांचे उजवे पाऊल उचलले जात नसे. संशोधन संस्थेने प्रयोग म्हणून त्यांच्या गुडघ्याखाली पट्टा बांधला. तो नसेला विजेचे बारीक झटके देतो आणि पाऊल उचलले जाते. पट्टा बांधून ते मला धरून जिना उतरू लागले.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. अनुदान संपले, पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक आहे पण पुढचे मिळेलसे वाटत नाही, पट्टा परत द्यावा लागेल, असे खाली बघून म्हणाल्या. पती "बघू" एवढेच म्हणाले.

आज सकाळी मी गिऱ्हाइकाचे कपडे देऊन आले, तर दार नुसते लोटलेले. पती, पट्टा व इस्त्रीचा शर्ट जागेवर नव्हते. मोबाइल उशीखाली होता. मी शेजारी, दवाखाना व नदीवरचा पूल येथे शोधले. पुलावर जास्त वेळ थांबले. मग येथे आले. हवालदारांनी "कोणी नेलं त्यांना?" असे विचारले. मी म्हणाले, "कोणी नाही. आपल्या पायांनी गेले." तेव्हा मला रडू आले, ते लिहू नये असे मी सांगितले होते.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पती अनुदान मंडळाच्या बैठकीत पोचले होते. शिपायाला "भिंतीचा रंग बघायला आलोय" असे सांगून आत शिरले. भाषण केले नाही. पट्टा काढून टेबलाभोवती पाय फरफटत एक फेरी मारली, पट्टा बांधून दुसरी. मंडळाने चालू रुग्णांच्या अनुदानाची मुदत वाढवली. नव्या रुग्णांचा निर्णय बाकी आहे.

बाईंनी त्यांना ठाण्यात आणून सोडले. मी म्हणाले, "सांगून जायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू आली असतीस. मग चालतंय कोण, मी की तू, हे त्यांना कसं कळलं असतं?"

त्यांना कोणी पळवले किंवा मारले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पतीविरुद्ध आहे, ती मी घरी बघीन.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. रिक्षा नको असे पती म्हणत असल्याने आम्ही चालत घरी जात आहोत.