तिसऱ्या आंब्याखालचं बाकडं

तिथं नका बसू, भाऊ. नाय नाय, त्या बाकड्यावर नको— इकडं या, ह्या गोणपाटावर टेका. सावली हाय, धरणाचं पाणीबी इथनं चांगलं दिसतं. बाकडं मोडकं नाय हो, घट्ट हाय चांगलं, पण त्यावर कोणी बसत नाय आमच्यात. का म्हणजे? नाय बसत. पाणी घ्या, माठातलं हाय. चहा टाकते म्हणलं तर नको म्हणता— का नको? ॲसिडिटी? असं. मागच्या साली एक पावणे आलते, त्यांनाबी ॲसिडिटीच होती. पाणी तेवढं प्यायले, मोहोराचं कौतुक केलं, आन् चहाला हात जोडले. ज्याला मागनं नकार कळवायचा असतो ना, तो घरचा चहा घेत नाय. एवढं कळतं मला. बासष्ट वर्षांची हाय मी, बयाबाई म्हणतात मला, उभ्या शिवारात कोणालाबी विचारा— विचारलंच असेल म्हणा तुम्ही.

मोहोर बघायला आलो म्हणता. बघा की. बेचाळीस झाडं केशर, एकाचीबी फांदी मोकळी नाय यंदा. सकाळी दव असतं तोवर वास नाय एवढा, ऊन चढलं की घमघमाट सुटतो, आन् माश्या ऐका— सगळी बाग गुणगुणती. तो पल्याडच्या काठावर लाल दिसतोय तो पळस. शिमगा आठ दिवसांवर आलाय, आता रोज वाढंल तो. बघण्यासारखंच हाय, मी कुठं नाय म्हणते? पण मला एक सांगा— नाशकाहून एवढं पेट्रोल जाळून, बुधवारच्या दिवशी, कामधंदा टाकून माणूस मोहोर बघायला येतो? नुसता? एकटा? बायकापोरं घेऊन आला असता, डबे उघडले असते, फोटो काढले असते, तर मी मानलं असतं. आन् गळ्यात ही दुर्बीण. पक्षी? पक्षी बघायला लोक नांदूरमध्यमेश्वरला जातात, आमच्याकडं काय हाय— चार बगळे आन् दोन पाणकावळे. गाडीबी तुम्ही लांब मारुतीपाशी लावली. आमच्या दारापर्यंत रस्ता हाय, कालच द्राक्षाच्या मजुरांचा ट्रॅक्टर येऊन गेला. लांब गाडी कोण लावतो? ज्याला नंबर दिसू द्यायचा नसतो तो.

आन् आल्या आल्या विचारलं काय? झाडं किती, घरी कोण कोण असतं, बाग कोण बघतं. मोहोर बघायला आलेल्या माणसाला घरी कोण असतं ते कशाला लागतं? हसू नका. घोटीचे का तुम्ही? नाय? घोटीला पावणे असतील. अहो, रविवारी घोटीचे लोक येणारेत आमच्या प्रफुल्लला बघायला— माझा धाकटा. आन् मुलीकडच्यांनी रविवारी यायचं असलं की आधी एक माणूस गुपचूप येऊन जातो, मुलीचा मामा नायतर मावसा, हे मला ठाऊक नाय का? थोरल्या संतोषच्या वेळी मीच माझ्या भावाला धाडलं होतं, मुलीच्या गावाला— शेळ्या घ्यायला आलो म्हणून सांग म्हणलं. तर त्याला खरंच एक शेळी घ्यावी लागली. म्हणून म्हणते, तुम्ही दुर्बीण आणली ते बरं केलं. स्वस्तात पडलं.

मंग करा चौकशी, माझी ना नाय. पोरगं तेहतीसचं हाय, ॲग्रीचा डिप्लोमा, सुपारीचं खांड तोंडात घालत नाय. आत्ता लाइट आली म्हणून मोटर चालू करायला गेलाय, येईल इतक्यात. मोहोरावर तुडतुडे पडले की फवारणी तोच करतो, कोणावर सोडत नाय. आन् हे खाली पाण्यापर्यंत हिरवं दिसतंय ना, हरभरा आन् गहू, ते सगळं आपलंच समजा. समजा म्हणजे— पेरतो आपणच. कोण दुसरं पेरणार? बरं, तुम्ही लिहिताय वहीत म्हणून खरं सांगते. ती गाळपेर हाय. धरणाची जमीन. पाणी उतरलं की वर येती, आपण पेरायची, आन् पावसाळ्यात पाणी पार त्या बाभळीच्या बुंध्याला लागतं. आपलं स्वतःचं म्हणजे ही बाग आन् वरचा दीड एकर. आम्ही कोणाला खोटं सांगितलं नाय, पावण्यांना ह्या दिवसांत बोलावतो एवढंच. आता हिरवं असताना बोलवायचं का पाण्याखाली असताना? तुमच्या घरी मुलगी बघायला आले तर तुम्ही तिला चांगली साडी नेसवत नाय का?

थांबा जरा— थांबा— तो पंप द्या, पिशवीतला, निळा— हां. झालं. झालं, बसा तुम्ही. मोहोर फुलला की हे असं होतं माझं. दरसाल. माझं, बरं का. मला हाय दम. पोराला काही नाय, एक शिंक येत नाय त्याला, मोहोरात डोकं घालून फवारतो दिवसभर. असं का बघितलं तुम्ही माझ्याकडं? मी म्हणलं पोराला दम नाय, तर तुमच्या भुवया वर गेल्या. म्हणजे घोटीपर्यंत पोचलं ते? तुम्ही विचारलं नाय, मला ऐकू आलं, तुम्ही नाय विचारलं. पण न विचारता माणूस असं बघत नाय. कोणी सांगितलं? वणीकडच्या कोणी सांगितलं ना?

सोडा. झाकून काय होणार. वही मिटा जरा. मागच्या साली वणीकडचं स्थळ होतं— वैष्णवी. पोरगी गोड हो, खरंच. शाळेत शिकवायची, पिवळी ओढणी घेऊन आलती. तिच्या घरचे सगळे ओसरीवर पोहे खात बसले, आन् ही म्हणली मला बाग बघायचीये. ह्यानं नेली. तासभर आले नाय दोघं. आली तेव्हा म्हणली, आई, पाण्याकडंच्या तिसऱ्या झाडाखाली बसायला काहीतरी पाहिजे. मला आई म्हणली, पहिल्याच दिवशी. झालं— दुसऱ्या दिवसापासून हे पोरगं लागलं ठोकाठोकीला. द्राक्षबागेचे जुने लोखंडी अँगल कापले, बाभळीच्या फळ्या रंधल्या, चार दिवस तेल पाजलं लाकडाला. तेच हे बाकडं. ती परत आली की बसंल म्हणून. आता कळलं ना, का उठवलं तुम्हाला?

आन् मी काय करत होते ते चार दिवस? मी ओसरीवरनं हातोड्याचा आवाज ऐकत होते. लय वाईट वाटायचं मला, हे सांगायला आता लाज नाय. संतोषचं असंच झालं होतं. त्याची बायको पहिल्या वर्षी म्हणली किती छान हाय इथं, दुसऱ्या वर्षी म्हणली डास लय, तिसऱ्या वर्षी नाशकात फ्लॅट. आता मे महिन्यात येतात, आंब्याच्या पेट्या गाडीत घालतात, पोरं दोन दिवस पाण्यात डुंबतात, आन् गेले. आमचे मालक गेले त्याला चार वर्षं झाली. राहिलो कोण? मी आन् प्रफुल्ल. आन् ही शिकलेली, शाळेतली. ही किती दिवस बसणार होती त्या बाकड्यावर? दोन मोहोर? तीन? मंग मी एकटी ह्या बेचाळीस झाडांत पंप ओढत बसणार होते.

तर आठ दिवसांनी तो माणूस आला. तिचा मामा. सांगितलं नाय त्यानं, म्हणला धरण बघायला आलो, पण चप्पल बघूनच मी ओळखलं— धरण बघायला कोणी नवी चप्पल घालून येतं? बसला तुमच्यासारखाच. विचारलं तुमच्यासारखंच. मी गाळपेराचं खरं सांगितलं. ते खरंच होतं, त्याचं पाप नाय मला. त्यावर तो म्हणला, जमिनीचं असू द्या हो, पोरगा चांगला पाहिजे. मला वाटलं होतं एवढ्यावर उठंल तो. नाय उठला. उलट खूश दिसला. आन् मंग मी— मला खोकला आला, असाच आत्तासारखा, तो म्हणला मावशी दम हाय का, आन् मी म्हणलं, मला थोडासाच हाय, जास्त पोराला हाय. मोहोर आला की रात्रभर बसून काढतो, म्हणलं. झोप नाय, म्हणलं. हे पंप त्याचेच, म्हणलं. बोलले हो मी. ह्याच तोंडानं बोलले. नऊ महिने पोटात वागवलं त्याच्याबद्दल.

तिसऱ्या दिवशी फोन आला, पत्रिका जुळत नाय. तिचेबी फोन बंद झाले मंग. पोरानं बाकडं तसंच ठेवलं, दर महिन्याला तेल लावतो, बसत मात्र नाय. मला वाटलं झालं, विसरंल. पण ते बोलणं काही इथं राहिलं नाय, भाऊ, ते दिंडोरीपासून वणीपर्यंत सगळ्या सोयऱ्यांत फिरलं. दिवाळीनंतर एका लग्नात कोणीतरी ह्याची खुर्ची उचलून पंख्याखाली ठेवली आन् विचारलं, दम कसा हाय आता? तो घरी येऊन हसत होता— आई, लोकांना झालंय काय, मला दमा काय म्हणतात? मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. दोन स्थळं आली आन् परत गेली. आता हे घोटीचं. मला म्हणला, आई, हे शेवटचं, यानंतर मला कोणाला दाखवायचं नाय.

म्हणून तुम्ही आला तेव्हा मनात म्हणलं, बया, देवीनं माणूस धाडलाय. आधी तुमचा संशय घेतला, पण बरंच झालं आला ते. सांगा घोटीला जाऊन. सांगा, पोरगं ठणठणीत हाय, म्हातारी खोटं बोलली होती. सांगा, लग्न झाल्यावर त्यांना नाशकात राहायचं तर राहू दे, म्हातारी आडवी येणार नाय. माझं नाव घेऊन सांगा. सांगाल ना?— मान का हलवताय? घोटीचे नाय ते कळलं, पण निरोप तर— पावणे नाय कोणी? एकबी नाय? मंग ही वही कशाची? दाखवा. मला वाचता येतं, चौथी झालेय, चष्मा घरात राहिलाय— तुम्हीच वाचा. आन् खरं वाचा.

हे काय? कुठल्या झाडाला कधी मोहोर आला ते? रस्त्याकडंची चिंच, पळस कधी लागला, सावरीला फूल किती— नऊ वर्षं? दरसाल येता? लांबनंच बघून जाता? आन् लिहून काय करता? काहीच नाय? नुसतं? मला पटत नाय. नुसतं कोणी लिहीत नाय. मागच्या सालचं काढा. काढा की. काय तारीख? हां, तेव्हाच, त्याच आठवड्यात. वाचा.

परत वाचा.

"पाण्याकडच्या तिसऱ्या झाडाखाली एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाच्या केसांत मोहोर पडलेला. मुलगी हसत होती. मध्ये जायला नको म्हणून बांधावरूनच परत फिरलो." ओढणीचं लिहिलंय? पिवळी? तीच. तीच हो ती. तुम्ही परक्या माणसानं बघितलं आन् माघारी गेला. मध्ये जायला नको म्हणून. आन् मी आई.

म्हणजे तुम्ही कोणीच नाय. मामा नाय, मावसा नाय, खरंच मोहोरच बघायला आलता. मंग मी हे सगळं कोणाला सांगितलं, भाऊ? आन् तुम्ही इतका वेळ ऐकत कशाला बसला? मध्येच म्हणायचं ना, बाई, मी त्यातला नाय. म्हणला असाल. दोनदा म्हणला, व्हय. मीच ऐकलं नाय.

ते पान फाडून देता का मला? नको, राहू द्या. तुमच्या वहीतच राहू द्या. मोटरीचा आवाज थांबला बघा. हा आला तो, पायजमा वर करून, बांधावरनं. तुम्ही निघा आता. चहा? आता चहा म्हणता होय! नाय, आता नको, पुढच्या साली या, करीन. रागानं नाय म्हणत हो. तुमच्यापुढं तोंड उघडलंय तोवर पोराला सांगून मोकळी होऊ द्या मला, नायतर परत मिटंल. गाडी सावलीत हाय ना? जा. मागं बघू नका.

प्रफुल्ल— ये. कोणी नाय रे, मोहोर बघायला आलते, गेले. हात राहू दे तसेच, मागनं धू. बस इथं जरा माझ्यापाशी. नाय, गोणपाटावर नाय. बाकड्यावर. मीबी बसते. बस म्हणते ना.