पांचूचं पॉलिश आणि लक्ष्मीची पावलं

भेग हो, साधी भेग! तुम्हाला सांगतो, उंबऱ्यापासून देवघराच्या दिशेनं हातभर गेलेली, केसाएवढी… आमच्या लाल कोब्याला सत्तर वर्षं झाली, सत्तरीत माणसालासुद्धा कुठे ना कुठे भेग पडतेच की! पण शिप्रा, म्हणजे आमची सौ., म्हणाली, मुंग्या येतात. म्हणून मी पांचू मिस्त्रीला बोलावलं. मला फक्त एक भेग बुजवायची होती!

आमच्या चंदननगरात जुनी जमीन घासायची तर पांचूनंच. तो आला, गुडघे टेकले, जमिनीला गाल लावला… खरंच गाल लावला हो!… एक डोळा मिटून लांबवर पाहिलं आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात ना, त्या आवाजात म्हणाला, "दादा, भेग मी आत्ता बुजवीन. पण जुन्या लालात नवा लाल मिसळत नाही. म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात, तसं दिसेल. सगळी जमीन घासून घ्या."

सगळी! आणि मला फक्त एक भेग बुजवायची होती!

बरं, भेग त्यानं दुर्गापूजेच्या आधीच भरली, ओलं पोतं टाकून ठेवली, तक्रार नाही. दशमीला देवी गेली आणि एकादशीला पांचू यंत्र घेऊन हजर. पाणी ओतायचं, घासायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा घासायचं… लाल चिखल भिंतीवर, लाल चिखल शिप्राच्या चष्म्यावर, माशाच्या कालवणाला असा रंग की मी विचारलं, "तिखट जास्त झालं का गं?" तर ती म्हणाली, "तिखट नाही, तुमची जमीन आहे. जेवा!" आणि हेच विजयेच्या, म्हणजे दसऱ्यानंतरच्या गाठीभेटींचे दिवस. लोक मिठाई घेऊन येतात, आत यायला जागा नाही, मग काय? मी खिडकीतून मिठाई घेतली आणि मोठ्यांना खिडकीतूनच नमस्कार केला. पाया पडायचं तर पाय दिसायला नकोत?

चौथ्या दिवशी पांचूनं वर कसलंसं पारदर्शक औषध फासलं. आणि खोटं कशाला बोलू, जमीन अशी झाली की मी वाकून केस विंचरले! पांचू म्हणाला, "दादा, आता तेल सांडा, हळद सांडा, काही धरणार नाही."

काही धरणार नाही. हे वाक्य ऐकताना मी मान डोलावली! माझी मान मी डोलावली!

दुसऱ्या दिवशी कोजागरी. दुपारी माझी आत्या, आम्ही बंगाली तिला पिशी म्हणतो, वय एक्याऐंशी, तांदळाचं पातळ वाटण वाटीत घेऊन उंबऱ्याशी बसली. आमच्याकडे लक्ष्मीपूजा याच दिवशी; उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायची, एकही चुकवायचं नाही, म्हणजे ती आत येते. पिशीनं पहिलं पाऊल काढलं… आणि ते गोळा झालं. अळूच्या पानावर पाणी गोळा होतं ना, तसं. पाच बोटांचे पाच थेंब. आणि आमच्या जमिनीला उतार कुठे? धुतलेलं पाणी जावं म्हणून दाराकडे! थेंब निघाले… अंगठा पुढे, करंगळी मागे… सरळ उंबऱ्याबाहेर!

पिशीनं वाटी खाली ठेवली. "तोतन, लक्ष्मी परत निघाली रे."

"पिशी, वाटण पातळ झालं असेल."

"साठ वर्षं वाटतेय मी! शेजारी नियोगींकडे साधा खरखरीत कोबा आहे. लक्ष्मी तिथे मांडते. आणि तिच्याबरोबर मीही तिथेच राहते."

पिशी गेली तर राहिलं काय घरात? मला तिनं वाढवलंय हो! शिप्रा म्हणाली, "बाजारात चिकटवायची पावलं मिळतात…" पिशी म्हणाली, "मग प्रसादाची खिचडीही कागदाची कर!" आणि पिशवीत जपमाळ घातली. जपमाळ घातली म्हणजे संपलं!

मी सायकलवरून पांचूला उचलून आणला. त्यानं थेंब पाहिले, स्वतःचं कपाळ बडवलं. "दादा, पॉलिश केलेलं काढायला मला आजवर कुणी सांगितलं नाही!" पण त्याच्या घरीही लक्ष्मी येणार होती, तो काय बोलणार? बसला घासायचा दगड घेऊन. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत दीड वीत रुंदीची पट्टी, हातानं घासत, नाक ओढत, "बघा, बघा, काय चमक होती" म्हणत… चंद्र वर यायच्या आत पोचला. पिशीनं पाऊल काढलं. बसलं! दुसरं… बसलं! पिशीनं पिशवीतून जपमाळ काढली आणि मी श्वास सोडला. मला फक्त एक भेग बुजवायची होती!

संध्याकाळी प्रसादाला माणसं आली. आता लक्ष्मीच्या पावलांवर पाय द्यायचा नाही, बरोबर? मग सगळे कशावरून चालणार? चकचकीतावरून! नियोगीबाबू खिचडीच्या ताटासकट थेट कपाटापर्यंत घसरत गेले, ताट मात्र सरळ धरून… मानलं त्यांना!

तेव्हापासून आमच्या घरात लक्ष्मी तेवढी ठाम पावलं टाकत येते, आणि घराचा मालक… भिंत धरून.