डबा आणणारी बहीण

...नाही, पण मला एवढंच सांगा, डबा कोण आणत होतं? दोनशे दहा पानं तो नायक खोलीत बसून भिंतीकडे बघतोय, जगण्याला अर्थ नाही म्हणतोय. बरं, नसेल बाबा अर्थ! पण रोज दुपारी बारा वाजता दाराशी डबा येतोय ना? तो काय आभाळातून पडतो?

तुम्हाला सांगते, हैदराबादेत आमच्या कोठी भागातल्या मराठी वाचनालयात दर रविवारी सकाळी एका पुस्तकावर चर्चा असते. या खेपेला ही अस्तित्ववादी कादंबरी... अभिजात, जगभर गाजलेली वगैरे. नायकावर कोण बोलणार? एकनाथराव, निवृत्त प्राध्यापक! त्याच्या मनातल्या पोकळीवर? मंदार, पुण्याहून आलेला आयटीवाला. आणि मला काय, तर "रजनीताई, तुम्ही दुय्यम पात्रं घ्या, सोपं आहे." हौ, सोपंच आहे! तीस वर्षं अंबरपेठेतल्या शाळेत मराठी शिकवलंय मी, दुय्यम म्हणजे काय ते मला सांगताय?

तर उठले मी. घरमालक, शेजारचा घड्याळजी, यांना दोन मिनिटांत उरकलं आणि नायकाच्या बहिणीवर आले. म्हटलं, ही बाई नदीपलीकडून चालत येते, पावसात येते, अंगात ताप असताना येते, डबा ठेवते, कालचा रिकामा उचलते, जाते. लेखकाने तिला साधं नावसुद्धा दिलं नाही! तर एकनाथराव चष्मा पुसत म्हणतात, "ताई, ती समाजाच्या यांत्रिकतेचं प्रतीक आहे." प्रतीक! अहो, प्रतीकाला भाजी निवडावी लागते का? आणि मंदार, "ॲक्च्युअली आंटी, ती फक्त प्लॉट डिव्हाइस आहे, कथा पुढे सरकवायला." म्हटलं, असेल रे बाळा, पण मग डबा कोण आणत होतं?... आणि तिथेच पुस्तक मिटलं हो मी. बसले खाली. एकनाथराव पुन्हा चष्मा पुसायला लागले. कारण सगळ्यांना ठाऊक आहे ना माझ्या घरचं...

माझा धाकटा भाऊ, नरहर. बायको अचानक गेली त्याची, वर्षभरात सरकारी नोकरी सोडली, माझ्याकडे आला, म्हणाला, "अक्का, कशातच काही नाही गं," आणि मागच्या खोलीत जाऊन बसला तो बसलाच. नऊ वर्षं! डॉक्टर झाले, औषधं झाली, "नक्को अक्का" म्हणतो आणि तोंड फिरवतो. मी साडेबाराला दाराशी ताट ठेवते, दोनला उचलते. भांडण नाही, तंटा नाही... भांडायला तरी शब्द लागतात! आता तुम्हीच सांगा, डबा कोण आणत होतं हे मला कुठल्या प्राध्यापकाला विचारायची गरज आहे का?

त्या रविवारी घरी आले, स्वयंपाक केला आणि ताट ठेवलंच नाही. बसून राहिले ओट्याशी. एक वाजला, दोन वाजले, हात तीनदा ताटाकडे गेला, तीनदा मागे घेतला... अडीचला बघते तर नरहर स्वयंपाकघराच्या दारात! "अक्का, बरं नाही का तुला?" नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं हो त्याने!

मी कादंबरी पुढ्यात सरकवली. "खुणा केल्यात, तेवढं बहिणीचं वाच." उभ्याउभ्याच वाचत गेला. सगळं मिळून दीड पान असेल तिचं. मग मटकन खाली बसला, पुन्हा वाचलं, आणि डोळे पुसत म्हणाला, "काय सोसलं गं या बाईनं! आणि त्या दगडाला एकदा, एकदासुद्धा विचारावंसं वाटलं नाही, तू जेवलीस का म्हणून?"

म्हटलं, आता विचारेल. आता विचारणारच! पदर तोंडाला लावून बघतेय मी त्याच्याकडे. त्याने नाक पुसलं, पुस्तक मिटलं, सावकाश खुर्ची ओढली आणि म्हणाला,

"वाढ ना अक्का, भूक लागलीय."

वाढलं की! काय करता हो... नायक उपाशी होता.