शेवटच्या अंकापर्यंत

जिनिव्हाच्या प्रयोगशाळेतलं कँटीन आवरून क्लोदीन ट्राममध्ये बसली, तेव्हा पुढच्या बाकावर काळ्या कोटातल्या एक म्हाताऱ्या बाई आणि एक तरुण बोलत होते.

“सापडला, मादाम जाकू! प्रोफेसरांनी कागदावर मांडला होता, तोच कण. दोन जड क्वार्क, दोन हलके, एकत्र बांधलेले.”

“ते जाऊन तीन वर्षं झाली, यानिक. उशीर केलास रे.”

“मी नाही, कणानं केला.”

“इस्पितळात रोज विचारायचे, सापडला का? शेवटी मी म्हटलं, हो, सापडला.”

“बरं केलंत.”

“कसलं बरं! लगेच पुढचा प्रश्न, वजन किती भरलं? मला त्यांचाच आकडा पाठ. इतकी वर्षं जेवताना दुसरं ऐकलंय काय मी? तोच सांगून टाकला, शेवटच्या अंकापर्यंत.”

“अगदी तोच?”

“हो. तर हसले. माझा हात थोपटून म्हणाले, ‘गणित आणि मोजमाप इतकं तंतोतंत कधी जुळत नाही गं. कुणी मोजलेलंच नाही.’ मग पुन्हा कधी विचारलं नाही त्यांनी.”

ट्राम थांबली, माणसं चढली-उतरली.

“खरं किती भरलं रे?”

“त्यांच्या आकड्यापेक्षा हलका निघाला, मादाम. अगदी किंचित.”

“किंचित हलका,” बाई म्हणाल्या. “एवढंच म्हणायला हवं होतं मी. मग त्यांना खरं वाटलं असतं.”