सरांचा दहा आकडी नंबर

आमच्या गणिताच्या सरांचं वेड तुम्हाला ठाऊक नसेल. आपला मोबाईल नंबर मूळ संख्या आहे, असं ते शुक्रवार पेठेत भेटेल त्याला सांगायचे. "दहा आकडी हाय, पण एकानं भाग जातो, न्हाईतर स्वतःनं. मधलं कुणी न्हाई." हातानं भागाकार करकरून बघितले होते त्यांनी.

तसा माणूस दिलदार. वर्गात त्यांची चूक काढली की त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, कुटलेल्या शेंगाचटणीचा डबा बक्षीस मिळायचा. मला दहावीपर्यंत एकदाही मिळाला नाही.

सर गेले. काकूंनी नंबर चालू ठेवलाय, रिचार्ज मी मारून देतो. परवा काकू चहा टाकत होत्या, तेवढ्यात मी सहज तो नंबर मोबाईलवर तपासला. पाच-पाच आकडी दोन संख्यांचा गुणाकार निघाला. सर भाग घालत तिथवर पोचलेच नव्हते.

चहा देताना काकूंनी माझं तोंड बघितलं. "काय झालं रे?"

खोटं बोलवेना. "काकू, सरांच्या नंबरला भाग जातोय."

"नीट बघितलास?"

"दोनदा बघितलं."

काकू आत गेल्या. मला वाटलं, रडवलं आपण यांना. काय गरज होती?

बाहेर आल्या त्या चटणीचा डबा घेऊन.

"घे," म्हणाल्या. "ते असते तर आज तुझं नाव सगळ्या पेठेला सांगत फिरले असते की."