डांबराच्या गोळ्या

जानराव : अवं रुक्मे, फळीवरची पुडी कोठी गेली? बारक्या हिरव्या गोळ्यायची?

रुक्मा : डांबराच्या? त्या त ट्रंकेत टाकल्या, माह्या पांढऱ्या साडीत.

जानराव : बाप्पा! मेलो मी!

रुक्मा : ओरडता कावून? कारखान्याच्या कोक ओव्हनमधून तुमी दरसाल त्याच त आणता.

जानराव : डांबराच्या हिरव्या असतेत का? झिओलाइट हाय तो, दगड. त्याच्यात निकेल बसवलं मी. आज दुपारी लॅबमधी सायेब त्याच्यावरून टोल्युइन सोडणार.

रुक्मा : कोणाले सोडणार?

जानराव : टोल्युइन. कोळशाच्या गॅसातून निघते. दगडात भोकंच भोकं. टोल्युइनचे दोन सारखेच कण आत शिरतेत, निघताना एक हलकं बेंझिन, एक जड झायलीन. दगड जसाच्या तसा.

रुक्मा : म्हंजे सोयरीक जुळवणारा मामा! जोडप्यातलं एक वाळते, एक फुगते, अन् मामा जेवून घरी.

जानराव : (पोट आत घेत) माह्याकडं पाहू नको.

रुक्मा : अन् निकेल कायले?

जानराव : नाईतं भोकायत काजळी धरते.

रुक्मा : मंग दुसऱ्या आणा पावर हाउसच्या बाजारातून.

जानराव : बाजारात भेटते का हे! भिलाईत आलो तवापासून बाटल्याच धुतल्या मी. पयल्यांदा सायेब म्हणले, जानराव, हा माल तू बनव. बिघडला त पुन्हा बाटल्या.

रुक्मा : पेटीत ठेवून कायचा बिघडते?

जानराव : पेटीतल्या जुन्या, खऱ्या गोळ्यायचा वास पिऊन बसला असन तो.

रुक्मा : (पेटी उघडून) घ्या तुमची पुडी. अवो, साडीले वासच नाई राहिला!

जानराव : पाह्य! पेला नं सारा!

रुक्मा : आता?

जानराव : भट्टीत तापवाले लागन. पेलं ते सोडते.

रुक्मा : अन् निकेलबी सोडलं त?

जानराव : ते नाई सुटत. बसलं ते बसलं. जातो मी, सायबाले आधी खरं सांगतो.

रुक्मा : सांगा, बायकोनं केलं म्हणून.

जानराव : हट्! लॅबमधी कोणी सांडन म्हणून घरी आणली मीच, मोठा शायना.

रुक्मा : थांबा जरा. ही साडी नागपूरले दीक्षेच्या दिवशी नेसली होती. मंग डांबराच्या वासानं नेसवतच नव्हती.

जानराव : मले उशीर होऊन राहिला, रुक्मे.

रुक्मा : होऊ द्या. माल बनो का बिघडो, आज ही नेसतो अन् गेटपर्यंत येतो तुमच्यासंगं.